कथाप्रधान व्हिडिओ गेम : नवख्या खेळाडूला काय अनुभवास येते?

जबलपूरहून शहपुरामार्गे दिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंडम हे तहसिलीचे गाव लागते. मध्य प्रदेशातील या आदिवासीबहुल भागात गोंड समाजाची मोठी वस्ती आहे. गोंड राजांच्या आणि देवांच्या कथा गाऊन सांगण्याचे काम परधान समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केले. बाना हे तीन तारांचे वाद्य घेऊन परधान ठराविक वर्षांनी आपल्या यजमानांच्या दारी येत आणि कथा सांगत. पुढे दिंडोरी जिल्ह्यातील पाटणगढ येथे १९६२ मध्ये जन्मलेले परधान चित्रकार जनगढ सिंह श्याम यांनी या कथांतील देव, झाडे आणि प्राणी कागदावर उतरविले. त्यांची चित्रे भोपाळच्या भारत भवनात आणि नंतर परदेशांतही पोहोचली.

मध्य भारतात कथा ऐकणाऱ्यालाही एक काम असते. सांगणारा क्षणभर थांबला की ऐकणाऱ्याने ‘हूं’ म्हणायचे. हिंदी मुलखात याला ‘हुंकारी भरना’ म्हणतात. महाराष्ट्रातील घरांतही आजीच्या गोष्टीला नातवंडे ‘हं’ म्हणत साथ देतात. हा हुंकार बंद पडला की मूल झोपले असे समजावे आणि गोष्ट तेथेच थांबवावी, असा रिवाज आहे.

पडद्यावरील कथाप्रधान साहसी खेळांचे, म्हणजेच कथा आणि लढाई यांची सांगड घालणाऱ्या व्हिडिओ गेमचे, स्वरूप याच रिवाजाच्या आधारे चांगले समजून घेता येते. या खेळांतील कथाही श्रोत्याच्या हुंकाराशिवाय पुढे सरकत नाही. मात्र येथे हुंकार दोन्ही हातांच्या बोटांनी द्यावा लागतो, तो वेळेवर द्यावा लागतो आणि चुकल्यास कथा काही पावले मागे जाते. वयाच्या तिशी-चाळिशीत प्रथमच असा खेळ हाती घेणाऱ्या व्यक्तीची जी तारांबळ उडते, तिचे मूळ येथे आहे.

हा खेळप्रकार नेमका कोणता?

बुद्धिबळाला किंवा क्रिकेटला नियम असतात, पण कथा नसते. कथाप्रधान खेळाला आरंभ, मध्य आणि शेवट असतो. त्यात एक नायक किंवा नायिका असते, तिच्यासमोर एखादे संकट असते आणि त्या संकटातून वाट काढण्याची जबाबदारी खेळणाऱ्यावर सोपविलेली असते. चढाई, उड्या, कोडी आणि लढाया यांच्या मधोमध चित्रपटासारखे प्रसंग येतात. त्या वेळी खेळणारा केवळ प्रेक्षक असतो. प्रसंग संपला की सूत्रे पुन्हा त्याच्या हाती येतात. लहान खेळ पाच-सहा तासांत संपतो, तर मोठ्या खेळाला वीस-तीस तास सहज लागतात.

या प्रकाराच्या घडणीतील एक महत्त्वाचा टप्पा म्हणजे अमेरिकेतील जॉर्डन मेकनर यांनी १९८९ मध्ये तयार केलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला धावताना आणि उड्या मारताना चित्रित केले आणि त्या चित्रणावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. त्यामुळे पडद्यावरील आकृती माणसासारखी अडखळताना आणि तोल सावरताना दिसली. साठ मिनिटांत राजकन्येची सुटका करावयाची, एवढीच त्याची कथा होती. १९९०च्या दशकात ज्यांच्या घरी वा कार्यालयात संगणक आला, त्यांच्यापैकी अनेकांना हा खेळ आठवत असेल.

२००३ मध्ये याच मालिकेतील ‘द सँड्स ऑफ टाइम’ प्रसिद्ध झाला. त्याच्या कथेची सुरुवात भारतातील एका महाराजाच्या राजवाड्यावरील हल्ल्याने होते आणि महाराजाची कन्या फराह ही त्यातील प्रमुख पात्र आहे. त्यानंतर आलेल्या ‘अनचार्टेड’, ‘गॉड ऑफ वॉर’ आणि ‘द लास्ट ऑफ अस’ या मालिकांनी खेळ आणि चित्रपट यांतील अंतर आणखी कमी केले. ‘द लास्ट ऑफ अस’ हा २०१३चा खेळ. त्याच्या कथेवर २०२३ मध्ये दूरचित्रवाणी मालिका आली. २०१७च्या ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ या खेळाची कथा पश्चिम घाटात घडते आणि होयसळ राजवटीच्या अवशेषांभोवती फिरते.

पहिला तास बोटांचा

नवख्या खेळाडूचा पहिला तास कथेत जात नाही, तो बोटांत जातो. कंट्रोलरवर दोन्ही अंगठ्यांखाली दोन छोट्या दांड्या असतात. डाव्या दांडीने नायक चालतो आणि उजव्या दांडीने त्याची नजर फिरते. प्रत्यक्ष आयुष्यात चालणे आणि पाहणे या दोन क्रिया वेगळ्या आहेत, याचे भान माणसाला नसते. येथे त्या दोन अंगठ्यांत वाटल्या जातात. परिणामी नवख्याचा शूर योद्धा भिंतीला नाक लावून चालत राहतो किंवा शत्रू समोर उभा असताना आकाशाकडे पाहत बसतो.

त्यात भर म्हणून उडी, वार, बचाव आणि शस्त्रबदल यांसाठी वेगवेगळी बटणे असतात. काही बटणे तर्जनीखाली, म्हणजे नजरेआड असतात. पडद्यावर ‘अमुक बटण दाबा’ अशी सूचना झळकते. ते बटण शोधण्यासाठी नवखा खाली पाहतो आणि तेवढ्यात घाव बसतो. टंकलेखन शिकणाऱ्याला किंवा सायकलवर प्रथम बसणाऱ्याला हा अनुभव परिचित वाटेल. शरीराला सवय होईपर्यंत मनाला दुसरे काही सुचत नाही.

बोटांनंतर अडथळा येतो तो संकेतांचा. ज्या कठड्याला पकडून वर चढता येते, त्याची कड बहुधा पांढऱ्या वा पिवळ्या रंगाने उठून दिसते. उचलण्याजोगी वस्तू किंचित चमकते. एखाद्या प्रशस्त, रिकाम्या दालनात औषधे आणि बाण भरपूर ठेवलेले आढळले, तर पुढच्या दारामागे मोठा शत्रू आहे असे अनुभवी खेळाडू ताडतो. हे सारे कोणी शिकवीत नाही. चित्रपटात दृश्य हळूहळू अंधुक झाले की काळ लोटला, हे प्रेक्षकाला जसे न सांगता कळते, तसेच हे आहे. चित्रपटाची ही भाषाही एका पिढीला शिकावीच लागली होती. मूकपटांच्या काळात पडद्यावरील अक्षरे मोठ्याने वाचून दाखविणारे लोक चित्रपटगृहात असत.

मात्र नवख्याला दिसते ते अनुभवी खेळाडूला कित्येकदा दिसत नाही. नवखा सावकाश चालतो आणि खांबावरील कोरीवकाम न्याहाळतो. दुय्यम पात्रांचे बोलणे तो शेवटपर्यंत ऐकून घेतो. पहिल्या शत्रूवर वार करण्यापूर्वी त्याचा हात घुटमळतो. अशा खेळांत मातीची मडकी फोडली की आतून उपयोगी वस्तू मिळतात, हा जुना संकेत आहे. नवख्याला मात्र दुसऱ्याच्या घरातील मडकी फोडताना संकोच वाटतो. खेळ रचणाऱ्यांना जे वातावरण निर्माण करावयाचे असते, त्याचा पूर्ण प्रभाव अनेकदा अशा संथ खेळाडूवरच पडतो.

मरण आणि पुन्हा सुरुवात

या खेळांतील सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणजे नायकाचे मरण. कादंबरीतील नायक एकदाच मरतो. खेळातील नायक एका संध्याकाळी वीस वेळा मरतो आणि दर वेळी थोडे मागे, ‘चेकपॉइंट’ नावाच्या ठिकाणी, पुन्हा उभा राहतो. आपण खेळ बिघडवीत आहोत, अशी नवख्याची प्रथम समजूत होते. प्रत्यक्षात हे मरण खेळाच्या रचनेतच धरलेले असते. चूक, पुन्हा प्रयत्न आणि सुधारणा हाच शिकण्याचा मार्ग येथे आखून ठेवलेला आहे.

कथेच्या दृष्टीने मात्र यातून पेच निर्माण होतो. वीस वेळा मेलेला नायक अखेरीस विजयी झाला, तर खरी कथा कोणती? ‘द सँड्स ऑफ टाइम’ने या पेचाचे सुबक उत्तर शोधले. त्यात राजपुत्र स्वतःच आपली कहाणी सांगत असतो. खेळणाऱ्याच्या चुकीने तो दरीत कोसळला, तर निवेदक राजपुत्र स्वतःला सावरतो आणि हे असे घडलेच नव्हते, आपली सांगण्यात चूक झाली, अशा अर्थाचे बोलून कथा मागे नेतो. शिवाय काळ काही क्षण उलटा फिरविणारा खंजीर त्याच्याजवळ असतो. येथे सांगणारा आणि हुंकार देणारा अक्षरशः एकमेकांच्या चुका दुरुस्त करतात.

पुण्यात घडलेली ‘राजी’

नवखा खेळाडू महाराष्ट्रातील असेल, तर त्याच्यासाठी एक खेळ विशेष उल्लेखनीय ठरतो. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने तयार केलेला ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये निंटेंडो स्विच या यंत्रावर आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संगणक, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स यांवर प्रसिद्ध झाला. अविचल सिंह, श्रुती घोष आणि इयन मॉड हे या संस्थेचे संस्थापक. २०१७ मध्ये त्यांनी इंटरनेटवरून लोकवर्गणी जमविण्याचा प्रयत्न केला, परंतु ठरविलेली रक्कम उभी राहिली नाही. पुढे एपिक गेम्स या अमेरिकी कंपनीचे अनुदान मिळाले आणि काम तडीस गेले. २०२०च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्कृष्ट खेळाच्या गटात त्याला नामांकन मिळाले.

राजी ही कसरतीचे खेळ करणारी मुलगी आहे. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधात निघते. दुर्गेकडून तिला त्रिशूळ मिळतो, पुढे विष्णूचे धनुष्यही हाती येते. संपूर्ण कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून सांगितली जाते. दृश्यांची रंगसंगती पहाडी चित्रशैलीची आहे, वास्तूंवर राजस्थानची छाप आहे आणि मधले अनेक प्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपात येतात.

मराठी प्रेक्षकाला ही छायाबाहुल्यांची रीत अनोळखी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने चामड्याच्या छायाबाहुल्या, कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी या कला जपल्या आहेत. त्या परंपरेतील कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पडद्यामागील दिवा, पुढे सरकणारी सावली आणि आडून येणारा निवेदकाचा आवाज हे सारे पाहिलेल्या माणसाला ‘राजी’तील असे प्रसंग परके वाटणार नाहीत.

परिचयाचा नवख्याला काय उपयोग होतो, हे येथे स्पष्ट दिसते. त्रिशूळ कोणाचा, असुर कोण, मंदिरात कोणत्या दिशेने शिरावे, हे त्याला समजावून सांगावे लागत नाही. पाश्चात्त्य खेळांत नॉर्स किंवा ग्रीक देवांची नावे लक्षात ठेवण्यात जी शक्ती खर्च होते, ती येथे बोटांसाठी शिल्लक राहते. शिवाय ‘राजी’तील दृश्याचा कोन बहुतांशी खेळच ठरवितो. त्यामुळे उजव्या अंगठ्यावरील नजर फिरविण्याचे ओझे उतरते. अर्थात हा खेळ निर्दोष नाही. शेवट अचानक येतो आणि कथा अर्धवट वाटते, अशी टीका अनेक समीक्षकांनी केली.

नायिका मर्त्य मुलगी असणे हेही महत्त्वाचे आहे. २००९ मध्ये हैदराबादच्या एका संस्थेने प्लेस्टेशन २ साठी ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा खेळ तयार केला, तेव्हा देवाला खेळणाऱ्याच्या बोटांवर नाचविणे अनुचित आहे, असा आक्षेप अमेरिकेतील एका हिंदू कार्यकर्त्याने घेतला होता. खेळाडू चुकला की नायक हरतो, आणि नायक देव असेल तर त्याची हार भाविकाला सोसत नाही. ‘राजी’त देव शस्त्र देतात आणि कथा सांगतात, पडते, उठते आणि पुन्हा लढते ती मुलगी.

वाट सोपी करण्याचे उपाय

नवख्यांची अडचण खेळ रचणाऱ्यांच्याही ध्यानात आली आहे. २०१८च्या ‘गॉड ऑफ वॉर’मध्ये काठिण्याची सर्वांत सोपी पातळी केवळ कथा अनुभवू इच्छिणाऱ्यांसाठी होती आणि तिचे नावही तसेच होते. २०२०च्या ‘द लास्ट ऑफ अस : भाग दोन’मध्ये दृष्टी, श्रवण आणि हालचाल यांच्या मर्यादा असलेल्या खेळाडूंसाठी साठाहून अधिक सोयी देण्यात आल्या. ‘राजी’च्या २०२२ मधील सुधारित आवृत्तीत काठिण्याच्या पातळ्या आणि हिंदी आवाज यांची भर पडली.

भाषेची सोय ही वरवरची बाब नाही. लढाईच्या धामधुमीत इंग्रजी सूचना वाचणे, तिचा अर्थ लावणे आणि बटण दाबणे या तीन क्रिया एका क्षणात कराव्या लागतात. ज्याचे शिक्षण मराठीत किंवा हिंदीत झाले, त्याचा तो क्षण अर्थ लावण्यातच निघून जातो. सूचना मायबोलीत कानावर पडली, तर हात मोकळा राहतो.

साधनांचा प्रश्नही आहेच. देशातील बहुसंख्य लोकांच्या हाती असलेला पडदा मोबाइलचा आहे. महागडे यंत्र आणि कंट्रोलर ही शहरांतील मोजक्या घरांची चैन. ‘राजी’ २०२३ मध्ये नेटफ्लिक्सच्या माध्यमातून मोबाइलवर आला, हे त्या दृष्टीने लक्षणीय होते. मात्र काचेवर बटणे उमटलेली असली तरी ती बोटाला जाणवत नाहीत, त्यामुळे नवख्याला मोबाइलवर तोच खेळ अधिक कठीण जाण्याचा संभव असतो.

सर्वांत जुना उपाय मात्र यंत्रात नाही. तो शेजारी बसलेल्या माणसात आहे. घरातील मुलगा किंवा भाची बाजूला बसून कोणते बटण दाबावे ते सांगते, अवघड लढाई स्वतः लढते आणि कंट्रोलर परत देते. मूकपटाची अक्षरे वाचून दाखविणाऱ्याचेच हे काम आहे. एरवी मोठ्यांनी लहानांना गोष्ट सांगावयाची, येथे लहान मोठ्यांना गोष्टीत शिरावयास मदत करतात.

सावधगिरी कोठे हवी?

व्हिडिओ गेम म्हटले की अनेक पालकांच्या मनात व्यसन आणि पैसा या दोन शंका उभ्या राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराचा समावेश आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत केला असून ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. खेळण्यावरील ताबा सुटणे, इतर कामांपेक्षा खेळाला प्राधान्य मिळणे आणि नुकसान होत असूनही खेळत राहणे, अशी लक्षणे साधारणपणे वर्षभर दिसल्यास हा विकार मानला जातो. केवळ आवडीने खेळणे म्हणजे विकार नव्हे.

पैशांच्या संदर्भात संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी घालण्यात आली, तर ई-स्पोर्ट्स आणि सामाजिक खेळ यांना वेगळे स्थान देण्यात आले. एकदा विकत घेऊन खेळावयाचा कथाप्रधान खेळ हा पैज लावण्याचा प्रकार नाही आणि त्याला शेवट असतो. शेवटच्या प्रसंगानंतर खेळणारा कंट्रोलर खाली ठेवू शकतो. मात्र यांतील अनेक खेळांत रक्तपात असतो आणि ते प्रौढांसाठीच असतात. म्हणून वेष्टनावरील वयोमर्यादा पाहूनच ते मुलांच्या हाती द्यावेत.

जुन्या कथा, नवे श्रोते

कुंडमच्या परिसराला, म्हणजे जुन्या गढा-मंडला राज्याच्या भूमीला, कथांची वाण नाही. कालिंजरच्या चंदेल घराण्यातील राणी दुर्गावती यांनी पती दलपत शाह यांच्या निधनानंतर अल्पवयीन पुत्राच्या नावाने येथे राज्य केले. मोगल सरदार आसफ खान याच्याशी लढताना त्या जबर जखमी झाल्या आणि शत्रूच्या हाती लागण्याऐवजी २४ जून १५६४ रोजी त्यांनी स्वतःच्या शस्त्राने देह ठेवला. जबलपूरचे विद्यापीठ आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

अशा कथेचा उद्या कोणी खेळ रचला, तर त्याला एका प्रश्नाला उत्तर द्यावे लागेल. खेळणाऱ्याने प्रत्येक चढण पार केली आणि प्रत्येक वार अचूक परतविला, तरी नरई नाल्याच्या काठचा तो शेवट बदलणार नाही. मग त्याच्या बोटांना अर्थ काय? उत्तर परधानांच्या मैफलीत सापडते. शेवट सर्वांना ठाऊक असूनही ऐकणारा प्रत्येक ओळीला हूं म्हणतो, कारण त्याच्या साथीवाचून राणी रणांगणापर्यंत पोहोचणारच नसते.

नवख्या खेळाडूलाही हेच ध्यानात ठेवावे लागते. त्याची बोटे अडखळतील, नायक दरीत पडेल आणि कथा चार पावले मागे जाईल. तरीही ती त्याच्यासाठी थांबून राहते. झोपी गेलेल्या मुलाची गोष्ट आजी दुसऱ्या रात्री जेथल्या तेथून पुन्हा सुरू करते, तशीच.